जुन्या मोटारीला कान

संस्कृताचीं रूपें घोकून घेण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यानें मोटारीच्या यंत्रावर लेखणी चालवावी, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. गेल्या महिन्यांत या सदरांत क्षयतिथीविषयीं लिहिलें, आणि आज एकदम रिले व फ्यूज! परंतु लिहिण्याचा विषय आपण निवडतों हा पुष्कळदां भ्रमच असतो. घरांतली एखादी अडचण पुढें येऊन उभी राहते, आणि ती दूर होईपर्यंत दुसरें कांहीं सुचूं देत नाहीं. यंदा उन्हाळ्यांत माझें तसेंच झालें.

आमची मोटार २००७ सालची. पेट्रोलवर चालणारी, लहान. माझ्या वडील बंधूंनीं निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या पैशांतून ती घेतली. वाईंतल्या आमच्या वाड्याच्या पुढच्या चौकांत, जेथें पूर्वीं गोठा होता, तेथें ती उभी असते. बंधूंना जाऊन सहा वर्षें झालीं. २०२२ सालीं तिचीं पंधरा वर्षें भरलीं, तेव्हां पुतण्यानें तपासणी करवून नोंदणी आणखी पांच वर्षांसाठीं वाढवून आणली. शेजारीपाजारी म्हणतात, कीं मास्तर, ही काढून टाका आणि बोललेलें ऐकणारी नवी गाडी घ्या. २०१९ सालीं एम्‌. जी. हेक्टर आली तेव्हांपासून बोलून थंड हवा चालू-बंद करण्याची गोष्ट जाहिरातींतून घरोघरीं पोंचली आहे, आणि आतां तर लहानसहान गाड्यांतही ती सोय मिळते. पण नव्या गाडीचे पैसे कोठून आणावयाचे, हें शेजारी सांगत नाहींत. शिवाय ती मोटार बंधूंची, आणि वहिनींच्या समोर ती विकण्याची गोष्ट काढण्याचें धैर्य आमच्यापैकीं एकाच्याही अंगीं नाहीं.

वहिनी पंचाहत्तरीच्या आहेत. त्या या घरांत आल्या तेव्हां मी आठ वर्षांचा होतों. माझी मुंज त्यांच्या डोळ्यांदेखत झाली, आणि माझ्या मॅट्रिकच्या अभ्यासाला पहाटे दिवा लावून देणाऱ्याही त्याच. गेलीं नऊ वर्षें त्यांना आमवात आहे. हाताचीं बोटें वांकडीं झालीं आहेत. दाराची कडी त्या तळहातानें ढकलतात आणि पेला दोन्ही हातांच्या ओंजळींत धरतात. पुण्याच्या एका डॉक्टरांचें औषध चालू आहे. हें औषध, मेथोट्रेक्सेट त्याचें नांव, आठवड्यांतून एकदां घ्यावयाचें असतें, आणि यकृत व रक्तपेशी ठीक आहेत ना, हें रक्त तपासून वेळोवेळीं पाहिल्याविना तें पुढें चालवितां येत नाहीं. म्हणून महिन्यांतून एकदां वाई ते पुणें, आणि पुणें ते वाई. पुतण्या मोटार चालवितो, वहिनी गुडघे मोकळे राहावेत म्हणून त्याच्या शेजारीं बसतात.

फाल्गुनांत त्या म्हणाल्या, "या खेपेस नको. घरांत पापड व्हायचे आहेत." चैत्रांत म्हणाल्या, "हळदीकुंकवाचा महिना, कोण येईल जाईल." सलग दोन खेपा चुकल्या. डॉक्टरांचा दूरध्वनी आला, तेव्हां मी जरा रागावलों आणि वैशाखांत त्यांना बळेंच मोटारींत बसवून स्वतः मागच्या बाजूस बसलों. सकाळीं नऊलाच ऊन तापलें होतें. कांचा बंद, थंड हवेचें यंत्र पूर्ण जोरांत. शिरवळास चहाला थांबलों तेव्हां वहिनींनीं पदराखालून हात काढले, आणि मीं पाहिलें, कीं चार बोटें टोंकापासून मधल्या पेरापर्यंत पांढरीं फटफटीत पडलीं आहेत. चाळीस वर्षें हातांत खडू धरलेल्या माणसाला तो रंग निराळा सांगावा लागत नाहीं. त्यांना कप धरतां येईना.

डॉक्टरांनीं त्या दिवशीं सांगितलें, तें असें: गारठ्यानें बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आंवळून रक्त थांबतें, बोट पांढरें पडतें, मग निळें, आणि ऊब मिळाली म्हणजे ठणकत लाल होतें. रेनो नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १८६२ सालीं हें प्रथम नीट वर्णिलें, म्हणून त्यास त्याचेंच नांव आहे. आमवाताच्या रोग्यांत तें कधीं कधीं आढळतें. हातांवर थंड झोत येऊं द्यावयाचा नाहीं, हाच पहिला उपाय.

परत येतांना मीं विचारलें, "वहिनी, अहो, सांगायचें नाहीं का?"

"काय सांगायचें, भाऊजी? चालवणारा तो. मागच्या वर्षीं नसरापूरच्या अलीकडे त्याची मान एकदां लवली. मीं पाहिली. गार असलें म्हणजे जागा राहतो. माझीं बोटें काय, घरीं गेल्यावर शेकतां येतील."

पुतण्या पुढें बसून हें ऐकत होता. वाई येईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाहीं.

कोणी म्हणेल, एवढ्यासाठीं यंत्र कशाला? मुलानें आईला विचारावें, आईनें मुलाला सांगावें, झालें. मीही तेंच म्हणालों. पुढचे दोन दिवस पुतण्या तिला बाजारांत न्यावयाचा तेव्हां दर पांच मिनिटांनीं विचारी, "आई, गार लागतंय का?" आणि ती दर वेळीं म्हणे, "नाहीं रे." समोरची झडप लावून पाहिली, परंतु ती जुनी, खड्ड्यांत गाडी आदळली कीं आपोआप उघडे, आणि ती पुन्हां बंद करण्याचें बळ त्या बोटांत नाहीं. शिवाय एवढ्याशा गाडींत गारवा एका कोपऱ्यांत थोडाच बसून राहणार? जिला सोसण्याची संवय आहे तिला विचारून खरें उत्तर मिळत नाहीं. तिच्या हातींच कांहीं द्यावें लागतें. आणि हातीं देणें तर अशक्य, कारण हातच चालत नाहींत. राहिला कंठ. तो अजून स्वच्छ आहे. गणपतीची आरती वाड्याच्या दिंडी दरवाजापर्यंत ऐकूं येते.

पुतण्या शिरवळच्या एका कारखान्यांत विजेचें काम पाहतो, आणि त्याची मुलगी अकरावींत आहे. तिनें शाळेंत असलीं लहान यंत्रें जोडलेलीं आहेत. त्या दोघांनीं हें काम अंगावर घेतलें. मी नुसता बघ्या. तरी पण बघ्यानें प्रश्न विचारून विचारून जें समजून घेतलें तें येथें देतों, कारण असल्या जुन्या मोटारी पुष्कळ घरीं आहेत.

मोटारींत थंड हवा आणण्याची कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंत पॅकार्ड कंपनीनें १९४० च्या मोटारींत ती प्रथम विकावयास ठेवली. त्यांतलें गार करणारें नळकोंडाळें मागच्या सामानाच्या पेटींत बसविलेलें असे, आणि यंत्र मुळीच नको असेल तर इंजिनावरचा पट्टा काढून ठेवावा लागे! आंतली उष्णता मोजून आपोआप कमीजास्त होणारी योजना कॅडिलॅकनें १९६४ सालीं आणली. आवाज ओळखण्याचें यंत्रही जुनेंच. बेल प्रयोगशाळेनें १९५२ सालीं "ऑड्री" नांवाचें एक यंत्र केलें. तें कपाटाएवढें असून फक्त शून्य ते नऊ हे अंक ओळखी, आणि तेंही ज्याच्या आवाजास तें लावून ठेवलें असेल त्याच्याच तोंडचे. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें ती आमच्या उपयोगीं पडली.

आमच्या मोटारींत पुढें तीन गोल खुंट्या, एक सरकती पट्टी आणि एक बटन आहे. पहिल्या खुंटीनें पंख्याचा वेग बदलतो. दुसरीनें गरम-थंड ठरतें. तिच्यामागें एक तार असून ती आंतली झडप ओढते, आणि इंजिनाच्या गरम पाण्यावरून आलेली हवा थंड हवेंत मिसळते. तिसरीनें हवा तोंडावर, पायांवर कीं कांचेवर हें ठरतें. सरकत्या पट्टीनें हवा आंतल्याआंत फिरवावयाची कीं बाहेरून घ्यावयाची, तें होतें. आणि बटनानें कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, चालू होतो. हें सारें हातानें करावयाचें म्हणून केलेलें. त्यास कान बसवावयाचे तर प्रत्येकाला एक निराळा हात द्यावा लागतो. तारेच्या खुंटीस व पट्टीस पोलादी दांत्यांची छोटी सर्वो मोटर, पंख्याला व बटनाला रिले. रिले म्हणजे थोड्या विजेनें जास्त विजेची वाट उघडणारा चोपदार.

पुण्यास बुधवार पेठेंत तपकीर गल्लींत हें सर्व सामान मिळतें. तेथल्या दुकानदारानें निळ्या रंगाचे लहान रिले दाखविले. त्यांवर दहा अँपिअर असें छापलेलें होतें. पुतण्या म्हणाला, हे घरांतल्या दिव्याला ठीक. मोटारीचा पंखा पूर्ण वेगांत बारा-पंधरा अँपिअर ओढतो, आणि डॅशबोर्डच्या आंत तापलेला रिले म्हणजे आगीला आमंत्रण. त्यानें मोटारीचेच तीस अँपिअरचे घेतले. बारा व्होल्टचे पांच व्होल्ट करणारा एक तुकडा, फ्यूज, जाड वायर, आणि आवाज ओळखणारी एक चकती. सगळे मिळून सुमारें साडेसहा हजार रुपये झाले. मीं विजेच्या वायरी विकत घेण्यापूर्वीं पुतण्याला दोन गोष्टी विचारल्या होत्या. कायद्याला चालेल का, आणि विमेवाल्याला सांगितलें का. नोंदणीपुस्तकांतल्या तपशिलाला, म्हणजे इंजिन, सांगाडा, इंधन यांना, यांत कोठेंही हात लागत नव्हता. विमा कंपनीला मात्र पत्र लिहून कळविलें, कारण पुढें कधीं वायर जळाली तर तेंच कारण सांगून हात वर होतात.

आवाज ओळखणारी चकती निवडतांना घरांत मोठा वाद झाला. मुलीचें म्हणणें, भ्रमणध्वनीवरून आंतरजालाच्या साहाय्यानें बोलणें ओळखून घ्यावें. तें कोणाचाही आवाज ओळखतें. मीं विरोध केला. एक तर खंबाटकीच्या बोगद्यांत तो संपर्क राहील कीं नाहीं याची खात्री नाहीं, आणि दुसरें, मोटारींत घरचीं माणसें घरचें बोलतात. तें दूर कोठेंतरी कोणाच्या यंत्रांत जाऊन पडावें हें मला पसंत नाहीं. पुतण्यानें दुसरी चकती सुचविली. ती आंतरजालाशीं संबंध ठेवीत नाहीं. तींत आपण शब्द उच्चारून सांठवून ठेवावयाचे, ऐंशींपर्यंत; पण एका वेळीं ती कान देते फक्त सातांकडे, आणि प्रत्येक शब्द दीड सेकंदांत संपला पाहिजे. तिला भाषा कळत नाहीं. सांठविलेल्या ध्वनीचा आकार आणि आलेल्या ध्वनीचा आकार ताडून पाहणें, एवढेंच तिचें काम. म्हणून ज्यानें शिकविलें त्याचेंच ती ऐकते. थेट ऑड्रीची नात! बाजारांत हें तिचें वैगुण्य समजतात. आम्हांस तोच गुण वाटला. जिला अधिकार द्यावयाचा तिलाच तो मिळेल, आणि भाषा कळत नसल्यामुळें तिला मराठी चालेल, कानडी चालेल, आमच्या वहिनींचें माहेरचें हेल काढून बोलणेंही चालेल.

पहिली जोडणी फसली, आणि ती कशी फसली हें सांगणें मला जोडणीपेक्षां अधिक महत्त्वाचें वाटतें. पुतण्यानें वेळ वांचविण्यासाठीं रिलेची वायर सरळ कॉम्प्रेसरपर्यंत नेली. संध्याकाळीं गाडी चौकांत उभ्या उभ्या चालू केली. इंजिन आचके देऊन बंद पडलें. पुन्हां चालू केली, फेरी मारली. अर्ध्या तासानें पंखा घोंघावतो पण हवा येईना. उघडून पाहतों तों आंतल्या गार नळ्यांवर बर्फ! नंतर उलगडा झाला, तो असा. बटन दाबलें म्हणजे कॉम्प्रेसर लगेच सुरू होतो असें आपणांस वाटतें. खरें पाहतां बटन नुसती परवानगी मागतें. नळ्या फार गार झाल्या आहेत का, गॅसचा दाब ठीक आहे का, हें पाहणारे दोन पहारेकरी वाटेंत असतात. आणि इंजिनाचा संगणक आधीं इंजिनाचा वेग किंचित्‌ वाढवून मग त्यावर कॉम्प्रेसरचें ओझें टाकतो. आमच्या वायरीनें या सर्वांना डावलून आंत प्रवेश केला होता. मग पुतण्यानें ती काढून बटनाच्याच दोन टोंकांना समांतर जोडली. रिलेनेंही आतां परवानगीच मागावयाची. द्यावयाची कीं नाहीं तें ठरविणार जुने पहारेकरी.

आणखी दोन बंधनें मीं घातलीं, आणि वडीलपणाचा एवढा एक उपयोग त्यांनीं मान्य केला. नव्या पेटीची वीज बंद झाली तर जुन्या खुंट्या व बटन पूर्वींप्रमाणें चाललेंच पाहिजे. पसरणीच्या घाटांत पाऊस लागला म्हणजे पुढची कांच एका क्षणांत धुरकट होते. तेव्हां यंत्राची मनधरणी करीत बसावयास वेळ नसतो, हात पुढें जाऊन खुंटी फिरली पाहिजे. दुसरें असें, कीं पेटीला वीज किल्ली फिरविल्यावरच मिळावी. नाहीं तर ती रात्रंदिवस कान टंवकारून बसेल, आणि आठ दिवसांनीं बॅटरी उतरलेली सांपडेल.

आतां शिकवणी. वहिनींना एका सकाळीं मोटारींत बसविलें. मुलगी म्हणाली, "आजी, म्हण: एसी बंद."

वहिनी गप्प. मग हळूच म्हणाल्या, "असं कसं म्हणायचं? जरा कमी होईल का, म्हणूं का?"

मुलगी हांसली, पण मला हांसूं येईना. साऱ्या आयुष्यांत त्यांनीं कोणाला आज्ञार्थांत बोललेलें मला आठवत नाहीं, गड्याला सुद्धां "एवढी घागर ठेवशील का रे?" असेंच. वर्गांत लोट्‌ आणि विधिलिङ्‌ शिकवितांना मी मुलांना नेहमी सांगत असें, कीं पाणिनीनें आज्ञा, निमंत्रण, अनुमति, सत्कारपूर्वक विनवणी, विचारणा आणि प्रार्थना हे सहाही अर्थ एकाच सूत्रांत गोंवले आहेत, आणि लगेच पुढें त्याच अर्थीं लोट्‌चीही मोकळीक दिली आहे. रूप एकच, आज्ञा कीं प्रार्थना हें बोलणाऱ्याच्या कंठावरून ठरावयाचें. आणि ही चकती तर रूपही जाणत नाहीं, तिला फक्त नाद कळतो. मीं मुलीला म्हणालों, "आजीला जसें बोलवतें तसेंच शिकव."

मग शब्द ठरले. "गार." "पुरे हो." "वारा हळू." "वारा वाढूं दे." "ऊब दे ग." "बाहेरची हवा." हे सहा. सातवा शब्द हांक मारण्याचा. कारण हांकेवांचून यंत्र सावध राहिलें तर "पुरे हो" हें वहिनींचें वाक्य कोणी लाडू वाढूं लागला तरी येणारच, आणि मोटार बंद! (तपकीर गल्लीवाल्यानें सांगितलें होतें, कीं हांकेचा शब्द नेहमींच्या बोलण्यांत न येणारा असावा.) मीं दोन-तीन जड संस्कृत नांवें सुचविलीं, तीं कोणीच ऐकून घेतलीं नाहींत. वहिनी थोडा वेळ चौकाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "कपिला म्हणूं?" कपिला ही आमची गाय. त्या या घरांत आल्या त्या वर्षीं ती याच जागीं बांधलेली असे, आणि नव्या नवरीनें धार काढावयास बसल्यावर तिनें पहिल्याच दिवशीं चरवी उलथवून टाकली होती.

शिकवणी पुन्हां एकदां करावी लागली. घरांत, शांततेंत, मुलीनें मोठ्यानें वदवून घेतलेले शब्द रस्त्यावर ओळखले जाईनात. पंख्याचाच आवाज आड येई. म्हणून इंजिन आणि पंखा दोन्ही चालू ठेवून, पहाटे सहाला, वहिनींचा कंठ जसा किंचित्‌ घोगरा असतो तसाच तो नोंदवून घेतला, कारण पुण्याला निघण्याची वेळ तीच. ध्वनिग्राहक हवेच्या झडपांपासून दूर, वरच्या सूर्यपडदीच्या कडेला, स्पंजाची टोपी घालून बसविला. नव्या गाड्यांत त्या बाजूच्या खांबांतून अपघातांत फुगणाऱ्या पिशव्या असतात. तेथें वायर ओवण्यापूर्वीं जाणत्याला विचारावें. आमच्या म्हातारीला तें वैभव नाहीं.

सहांपैकीं "बाहेरची हवा" हा शब्द मला मागाहून सर्वांत मोलाचा वाटला. वहिनी म्हणत होत्या, कीं मुलगा जागा राहावा म्हणून गार हवें. पण पुतण्याची संवय अशी, कीं लवकर गार व्हावें म्हणून पट्टी "आंतली हवा" या बाजूस सरकवावयाची आणि पुण्यापर्यंत तशीच ठेवावयाची. चार माणसें, बंद कांचा, आणि तीच हवा फिरून फिरून. मोकळ्या हवेंत कार्बन डायऑक्साइडचें प्रमाण दहा लक्ष भागांत सव्वाचारशेंच्या आसपास; असल्या बंद गाडींत अर्ध्या तासांत तें कांहीं हजारांवर जातें, आणि डोकें जड होऊन पेंग येऊं लागते. म्हणजे नसरापूरच्या अलीकडे जी मान लवली, ती आणखी गारव्यानें सांवरली असती असें नाहीं; तिला कदाचित्‌ बाहेरची हवा हवी होती. वहिनींनीं महिनोन्‌महिने आपलीं बोटें गोठवून जो पहारा केला, तो चुकीच्या दारावर. हें मीं त्यांना सांगितलें नाहीं. पुतण्याला सांगितलें.

ज्येष्ठांतली खेप झाली. पाऊस लांबला होता, आणि उकाडा असह्य. सुरूर मागें टाकून बोगद्याकडे निघालों तोंच वहिनी हलकेंच म्हणाल्या, "कपिले." पेटीवरचा हिरवा दिवा लागला. मागें आम्ही दोघें, मुलगी आणि मी, श्वास रोधून बसलों. "वारा हळू." पंखा एक पायरी उतरला. थोड्या वेळानें "ऊब दे ग." खुंटीच्या मागची मोटर कुरकुरली. वहिनींनीं कोणाकडे पाहिलें नाहीं. पण शिरवळास चहाचा कप त्यांनीं स्वतः, ओंजळींत, धरला. बोटें गुलाबी नव्हतीं, तरी खडूसारखींही नव्हतीं. सर्वच नीट चाललें असें मात्र नाहीं. नाक्यावर पुतण्यानें कांच खालीं केली तेव्हां ट्रकांच्या गोंगाटांत तीन हांका फुकट गेल्या, आणि एकदां "गार" म्हटल्यावर वाराच वाढला. कात्रजच्या अलीकडे पुतण्याला गंमत सुचली. त्यानें आपल्या आवाजांत "कपिले, गार" म्हटलें. दिवाही लागला नाहीं.

रक्ताची तपासणी झाली. दोन महिने चुकल्यामुळें डॉक्टरांनीं दोन शब्द ऐकविले, पण औषध चालू ठेवण्यास हरकत नाहीं असें म्हणाले.

परततांना भर दुपारीं खंबाटकीचा घाट लागला. चढावर इंजिनाचा जोर कमी पडूं नये म्हणून पुतण्या तेथें थंड हवेचें बटन हातानें बंद करीत असतो. तसें त्यानें केलें. वळणें संपेपर्यंत गाडीची भट्टी झाली. माथा आला, गाडी सपाटीला लागली, तरी बटनाकडे त्याचें लक्ष नव्हतें. पुढें एक मोठा ट्रक लंगडत चालला होता, आणि त्याच्या मानेवरून घामाचे ओघळ सदऱ्यांत उतरत होते. वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलें, झोंप लागली.

"कपिले," त्या म्हणाल्या. मग स्पष्ट, "गार."

पुतण्यानें चमकून त्यांच्याकडे पाहिलें. "आई, अग तुझीं बोटें—"

"तूं पुढें बघ," वहिनी म्हणाल्या, आणि मांडीवरची शाल दोन्ही हातांवर ओढून घेतली. पांचएक मिनिटांनीं त्याच्या मानेवरचा घाम वाळला, तेव्हां त्यांनीं पुन्हां हांक मारली आणि म्हणाल्या, "पुरे हो. बाहेरची हवा." एका हांकेला एकच शब्द, हा नियम त्या विसरल्या होत्या, यंत्रानें पहिला घेतला आणि दुसरा सोडून दिला. पट्टी पुतण्यानें हातानें सरकविली.

घरीं आल्यावर मुलीनें त्या दोन शब्दांचा एकच शब्द करतां येईल का, हें पाहावयास घेतलें आहे. आषाढांतली तारीख वहिनींनीं स्वतः भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिली. पेन्सिल मुठींत धरून लिहिल्यामुळें आंकडा जरा आडवा पडला आहे, पण वाचतां येतो.